वाचकांचे प्रश्न : ओ. हेन्री आणि एक डॉलर सत्त्याऐंशी सेंट

गेल्या अंकात ओ. हेन्री या अमेरिकन लेखकाच्या 'द गिफ्ट ऑफ द मॅजाय' या गोष्टीबद्दल लिहिलं आणि पत्रं, मेल, व्हॉट्सॲप सगळं मिळून इतके प्रश्न आले की म्हटलं या वेळचं सदर त्याच्यावरच करूया. ज्यांच्या हातात तो अंक पडला नाही त्यांच्यासाठी गोष्ट थोडक्यात सांगते. न्यूयॉर्कमधलं एक तरुण गरीब जोडपं, डेला आणि जिम, ख्रिसमसच्या आदल्या दिवशी तिच्याकडे नवऱ्याला भेट घ्यायला पैसे नाहीत म्हणून ती आपले गुडघ्याखाली पोचणारे केस विकते आणि त्याच्या आजोबा-वडिलांपासून चालत आलेल्या घड्याळासाठी चेन आणते, आणि तो घरी येतो तेव्हा कळतं की त्याने ते घड्याळच विकून तिच्या केसांसाठी कंगवे आणलेत. बास, एवढीच गोष्ट. १९०५ च्या १० डिसेंबरला न्यूयॉर्कच्या 'वर्ल्ड' पेपरच्या रविवार अंकात आली आणि अजून लोक वाचतायत.

ताई, 'ओ. हेन्री' हे कसलं नाव? त्यातला 'ओ' म्हणजे काय? आयरिश लोकांचं ओब्रायन, ओनील असतं तसं आहे का?
– एक वाचक, मिरज

नाही, आयरिश वगैरे काही नाही. खरं नाव विल्यम सिडनी पोर्टर. जन्म ११ सप्टेंबर १८६२, नॉर्थ कॅरोलिनातलं ग्रीन्सबरो गाव, वडील डॉक्टर. आई क्षयाने गेली तेव्हा तो तीन वर्षांचा होता, मग आजीने आणि आत्याने वाढवला, आत्या घरीच शाळा चालवायची तिथेच शिकला. पुढे काकाच्या औषधाच्या दुकानात उभा राहायला लागला आणि १८८१ मध्ये एकोणिसाव्या वर्षी फार्मसिस्टचं लायसन्स काढलं. हे लायसन्स लक्षात ठेवा, पुढे त्याच्यावरच सगळं तरलंय.

नावाबद्दल त्याने स्वतः एका मुलाखतीत सांगितलं होतं की पेपरातल्या समारंभांच्या बातम्यांत 'हेन्री' सापडलं आणि 'ओ' हे लिहायला सगळ्यात सोपं अक्षर म्हणून घेतलं. लोकांना ते काही पटलं नाही. कोणी म्हणतं तुरुंगातल्या एका पहारेकऱ्याचं नाव ऑरिन हेन्री होतं त्यावरून घेतलं, कोणी म्हणतं औषधांच्या संदर्भग्रंथात एका फ्रेंच फार्मसिस्टचं नाव असायचं त्यावरून. मला विचाराल तर नाव कुठून आलं त्यापेक्षा ते का लागलं हा प्रश्न मोठा आहे, आणि त्याबद्दल खालीच दोन पत्रं आहेत.

मी ३१ वर्षं सहकारी बँकेत कॅशियर होतो. गोष्टीच्या पहिल्याच ओळीत लिहिलंय की डेलाकडे १ डॉलर ८७ सेंट होते आणि त्यातले ६० सेंट पेनींमध्ये, म्हणजे एकेक सेंटच्या नाण्यांत होते. मग उरले १ डॉलर २७ सेंट. अमेरिकेत पेनीच्या वरचं नाणं ५, १०, २५ सेंटचं, त्यात २७ बसतच नाही, वरचे २ सेंट आणायचे कुठून? माझ्या कॅशमध्ये असं निघालं असतं तर संध्याकाळी घरी जाऊ दिलं नसतं. लेखकाचा हिशोब चुकलाय का?
– निवृत्त कॅशियर, सांगली

काका, तुमचं पत्र वाचून मी खरंच पाकिटातली चिल्लर टेबलावर ओतून बसले आणि तुम्ही म्हणता ते बरोबर आहे. रोजच्या नाण्यांत हा हिशोब बसत नाही. पण अमेरिकेत एके काळी २ सेंटचं नाणं होतं, १८६४ पासून साधारण १८७२ पर्यंत पाडत होते, आणि ३ सेंटचं पण होतं ते १८८९ ला बंद झालं. जुनी नाणी बाद झालेली नव्हती, त्यामुळे डेलाच्या हातात २ सेंटचं एखादं झिजलेलं नाणं असू शकतं आणि मग हिशोब जमतो. आता लेखकाच्या मनात ते नाणं होतं का, तर मला नाही वाटत. त्या काळात तो वर्ल्ड पेपरला दर आठवड्याला एक गोष्ट देत होता, शेवटच्या घटकेला लिहायचा, तेव्हा ६० हा आकडा कानाला बरा वाटला आणि ठेवून दिला असंच झालं असावं.

पण काका, पुढचा हिशोब बघा, तुमच्यासारख्या माणसालाच तो दाखवायला मजा येईल. केसांचे मिळाले २० डॉलर. १.८७ आणि २० म्हणजे २१.८७. चेन पडली २१ ला आणि ती उरलेले ८७ सेंट घेऊन लगबगीने घरी येते. पै न पै जुळते. फ्लॅटचं भाडं आठवड्याला ८ डॉलर, जिमचा पगार आधी ३० होता तो आता २० वर आलाय, म्हणजे भाडं भागवून हातात १२ डॉलर आणि त्यात दोघांचं खाणंपिणं, कोळसा, कपडे. लेखक कुठेही बिचारे बिचारे म्हणून रडत बसत नाही, फक्त आकडे लिहितो आणि तुम्हाला घर दिसतं. आणि ते १.८७ जमले कसे, तर वाण्याशी, भाजीवाल्याशी, खाटकाशी एकेका दोनदोन पेनीसाठी घासाघीस करून, इतकी की तिचे गाल शरमेने तापायचे. मी लहान असताना आई भाजीवाल्याकडे कोथिंबिरीच्या एका काडीसाठी हुज्जत घालायची आणि मी तिचा पदर ओढत म्हणायचे चल ना आता, मला लाज वाटायची. तिला पण वाटत असेल हे माझ्या डोक्यातच कधी आलं नाही. हे वाक्य वाचलं तेव्हा आलं, आणि आई तोवर गेलेली होती.

मला ओ. हेन्री आवडतो तो यासाठी. लोक शेवटच्या धक्क्याबद्दल बोलतात पण त्याच्या गोष्टीत पहिल्या ओळीपासून कोणीतरी पैसे मोजत बसलेलं असतं, आणि मोजणाऱ्याचे हात कसे थरथरतात हे त्याला माहीत होतं. का माहीत होतं ते पुढच्या पत्रात.

आमच्या वाचनकट्ट्यावर एकाने सांगितलं की हा लेखक बँकेतले पैसे खाऊन जेलमध्ये गेला होता. खरं आहे का? इतक्या चांगल्या गोष्टी लिहिणारा माणूस चोर असेल यावर विश्वास बसत नाही.
– एक वाचक, नाशिक

जेलमध्ये गेला होता हे खरं आहे. चोर होता का, यावर शंभर वर्षं वाद चाललाय.

झालं असं की खोकला जाईना म्हणून १८८२ मध्ये तो हवापालटाला टेक्सासला गेला, दोन वर्षं एका मेंढ्यांच्या रँचवर राहिला, मग ऑस्टिनला आला. तिथे अॅथल एस्टेस नावाची मुलगी भेटली, तिला क्षय होता आणि घरच्यांचा विरोध होता म्हणून १८८७ मध्ये दोघांनी पळून जाऊन लग्न केलं. पहिला मुलगा जन्मल्यावर काही तासांतच गेला, मग १८८९ मध्ये मार्गरेट झाली. तो जमीन खात्यात नकाशे काढायचा, महिना १०० डॉलर, पण ती नोकरी ओळखीने लागली होती आणि सरकार बदललं तशी गेली. मग १८९१ मध्ये ऑस्टिनच्या फर्स्ट नॅशनल बँकेत टेलर, म्हणजे रोखपाल म्हणून लागला. आणि त्याच वेळी स्वतःचं विनोदी साप्ताहिक काढायचं खूळ डोक्यात शिरलं, 'द रोलिंग स्टोन' नावाचं, ते फार तर दीड हजार प्रतींपर्यंत गेलं आणि १८९५ मध्ये बंद पडलं. पैसे त्यात गेले असतील का, असतील.

बँकेचा कारभार असा होता की ओळखीचे लोक येऊन पैसे उचलून न्यायचे आणि नोंद नंतर कधीतरी व्हायची, कधी व्हायचीच नाही. तो स्वतः पण वह्यांच्या बाबतीत निष्काळजी होता हे त्याच्या बाजूचे लोकही मान्य करतात. १८९४ मध्ये हिशोबात खोट निघाली, नोकरी गेली, खटला मात्र लगेच झाला नाही. तो ह्यूस्टनला 'पोस्ट' पेपरात लागला, जरा बस्तान बसतंय तोवर केंद्र सरकारचे तपासनीस बँकेत आले आणि १८९६ मध्ये त्याला अटक झाली. जामीन सासऱ्यांनीच दिला. खटल्याला जायला निघाला आणि मधल्या स्टेशनवर गाडी बदलताना काय मनात आलं कोण जाणे, उलट्या दिशेची गाडी पकडली, न्यू ऑर्लिन्स आणि तिथून थेट होंडुरास. ही त्याची खरी चूक. पळून गेला नसता तर कदाचित सुटला असता असं बरेच जण म्हणतात, मलाही तसंच वाटतं.

परत का आला, तर बायको मरायला टेकली म्हणून. १८९७ च्या फेब्रुवारीत ऑस्टिनला येऊन हजर झाला, जुलैमध्ये अॅथल गेली, आणि पुढच्या फेब्रुवारीत खटला उभा राहिला. अपहाराची रक्कम होती ८५४ डॉलर ८ सेंट. शिक्षा पाच वर्षं. वर ज्यांचं पत्र आहे त्या कॅशियर काकांना हे मुद्दाम सांगते, ही रक्कम ५५४.४८ आणि २९९.६० अशी मिळून झाली होती, आणि त्यातल्या दुसऱ्या रकमेची तारीख आरोपपत्रात होती १२ नोव्हेंबर १८९५. तेव्हा तो बँकेत नव्हताच, नोकरी सुटून जवळजवळ वर्ष झालं होतं! लिहिताना साल चुकलं असेल, पण हे कोर्टात कोणी नीट उचलून धरलं नाही आणि तो स्वतः तर आपल्या बचावाला फारसं बोललाच नाही. नुकतीच बायको गेलेल्या माणसाला बोलावंसं वाटलं नसेल.

तुम्ही विचारलंत चोर होता का. माझं मत, पैसे इकडचे तिकडे झाले असतील, परत टाकू म्हणून उचलले असतील, पण ठरवून लुटणारा माणूस तो नव्हता. हे माझं मत झालं, कोर्टाचं वेगळं होतं.

मला नऊ वर्षांची मुलगी आहे आणि मी काही कारणाने तिच्यापासून दोन वर्षं लांब होतो. कारण इथे लिहीत नाही. तुमचा लेख वाचून त्याच्याबद्दल शोधलं तर कळलं की त्यालाही मुलगी होती. तो जेलमध्ये असताना तिला काय सांगितलं होतं?
– नाव छापू नये

तिला सांगितलं होतं की बाबा कामासाठी बाहेरगावी गेलेत.

२५ मार्च १८९८ ला तो ओहायोत कोलंबस शहरातल्या तुरुंगात दाखल झाला, कैदी नंबर ३०६६४. तिथे ते जुनं लायसन्स कामी आलं. तुरुंगाच्या दवाखान्यात रात्रपाळीचा औषधवाला म्हणून नेमलं, तिथेच झोपायची सोय झाली आणि कोठडीत दिवस काढावे लागले नाहीत. पण रात्रभर बघायचं काय, तर मारहाणीत फुटलेली डोकी, आत्महत्येचे प्रयत्न, क्षयाचे पेशंट. आणि औषधं देऊन झाली की टेबलाशी बसून लिहायचं. मुलीला पैसे पाठवायचे होते म्हणून गोष्टी विकायला सुरुवात केली. न्यू ऑर्लिन्समधला एक मित्र त्या पुढे मासिकांना पाठवायचा म्हणजे पाकिटावर तुरुंगाचा पत्ता नको. ओ. हेन्री हे नाव त्या काळात चिकटलं, १८९९ च्या डिसेंबरात 'मॅक्क्लुअर्स' मासिकात एक ख्रिसमसची गोष्ट त्या नावाने आली. तुरुंगातून चौदा गोष्टी वेगवेगळ्या टोपणनावांनी छापून आल्या. म्हणजे वाचकांना जे नाव गमतीचं वाटतं ते मुळात एका बापाने ओढून घेतलेलं पांघरूण होतं.

तिथेच त्याला गोष्टींचा मालही मिळाला. अल जेनिंग्स नावाचा रेल्वे लुटणारा दरोडेखोर, जो होंडुरासमध्ये भेटला होता तो पण त्याच तुरुंगात आला, आणि त्याने पुढे १९२१ मध्ये आठवणींचं पुस्तक काढलं. त्यात डिक प्राइस नावाच्या कैद्याची हकीगत आहे, तिजोऱ्या फोडणारा. एकदा सरकारलाच एक तिजोरी उघडून हवी होती, माफी देतो म्हणाले, तर याने आपली नखं घासून घासून आतलं मांस उघडं पाडलं आणि त्या दुखऱ्या बोटांनी डायलचे खटके ओळखून तिजोरी उघडली. माफी काही दिली नाही, तो आतच मेला. जेनिंग्स तिखटमीठ लावून सांगणारा माणूस आहे तेव्हा सगळं जसंच्या तसं घेऊ नका. पण 'अ रिट्रीव्ह्ड रिफॉर्मेशन' वाचा, त्यात जिमी व्हॅलेंटाइन हा तिजोऱ्या फोडणारा सुधारून सरळ मार्गाला लागलेला असतो, लग्न ठरलेलं असतं आणि होणाऱ्या सासऱ्याच्या बँकेच्या तिजोरीत एक लहान मुलगी अडकते. तिला वाचवायचं तर आपली जुनी हत्यारं सगळ्यांसमोर बाहेर काढावी लागणार. तो काढतो. बाहेर पकडायला आलेला डिटेक्टिव्ह उभा असतो आणि तो सगळं बघून ओळख न दाखवता निघून जातो. त्या डिटेक्टिव्हचं नाव बेन प्राइस. खऱ्या प्राइसला जी माफी मिळाली नाही ती गोष्टीत प्राइस नावाच्या माणसाने दिली, मला तरी हे योगायोगाने झालेलं वाटत नाही.

चांगल्या वागणुकीमुळे २४ जुलै १९०१ ला सुटला, तीन वर्षं चार महिने झाले होते. मार्गरेट तिच्या आजीआजोबांकडे पिट्सबर्गला होती, तिथे गेला. ती अकरा वर्षांची झाली होती, आणि बाबा कामावरून आले एवढंच तिला माहीत. जगालाही तो जिवंत असेपर्यंत कळलं नाही. १९१६ मध्ये त्याच्याच गावच्या, लहानपणापासून ओळखणाऱ्या सी. अल्फॉन्सो स्मिथ या प्राध्यापकांनी चरित्र लिहिलं तेव्हा सगळं उघड झालं.

तुम्ही सल्ला मागितला नाहीये आणि मी देतही नाही. एवढंच सांगते की सुटल्यापासून मरेपर्यंत नऊ वर्षं तो फोटो काढू द्यायचा नाही, मुलाखती टाळायचा, हॉटेलात बसला तरी कोणी जुनं ओळखीचं दिसेल का ही धास्ती. ती भीती त्याने एकट्याने वागवली. तुमची मुलगी नऊच वर्षांची आहे, तुम्ही परत आलाय, याचा मला मनापासून आनंद वाटतो.

ताई मी बीए सेकंड इयरला आहे. आमच्या मॅडम म्हणतात ओ. हेन्री म्हणजे नुसती शेवटची ट्रिक, एकदा कळलं की परत वाचायला काही उरत नाही. मला त्याच्यावर प्रोजेक्ट करायचाय, मी काय लिहू?
– एक विद्यार्थिनी, अमरावती

अगं, मॅडमचं म्हणणं एकदम खोडून काढू नकोस कारण मोठमोठ्या समीक्षकांनी हेच म्हटलंय, आणि त्याच्या काही गोष्टी खरंच तशा आहेत, घाईत पाडलेल्या, योगायोगावर टेकलेल्या. पण तू एक कर. 'आफ्टर ट्वेंटी इयर्स' घे, शेवट माहीत असताना परत वाच आणि पेन्सिलने खुणा कर.

रात्रीचे दहा वाजायला आलेत, पाऊस पडेलसं वाटतंय, एक पोलीस दारं तपासत फिरतोय. बंद दुकानाच्या दारात एक माणूस न पेटवलेली सिगार तोंडात धरून उभा. पोलीस जवळ येतो तशी तो भडाभडा बोलायला लागतो की वीस वर्षांपूर्वी इथे हॉटेल होतं, मी आणि माझा दोस्त जिमी वेल्स इथे जेवलो आणि ठरवलं की बरोबर वीस वर्षांनी याच जागी भेटायचं. मग तो काडी ओढून सिगार पेटवतो. इथे थांब. त्या काडीच्या उजेडात आपल्याला दिसतो फिकट चेहरा, चौकोनी जबडा, उजव्या भुवईजवळ छोटा पांढरा व्रण आणि टायपिनमध्ये मोठा हिरा. आपल्याला दिसतं म्हणजे पोलिसालाही दिसतंच ना? लेखक ते बोलत नाही. मग पोलीस साधेच प्रश्न विचारतो, पश्चिमेकडे बरं चाललं का तुमचं, तो नाही आला तर लगेच निघणार का? पहिल्यांदा वाचताना या गप्पा वाटतात. दुसऱ्यांदा वाचशील तेव्हा कळेल की हा जिमीच आहे, दोस्ताला ओळखलंय, तो शिकागोच्या पोलिसांना हवा असलेला माणूस आहे हेही कळलंय, आणि तो विचारतोय की माझ्याकडे किती वेळ आहे. दोस्त म्हणतो, अर्धा तास तरी थांबेनच. आणि जिमी पुढे निघून जातो, स्वतः पकडायला धजत नाही, साध्या कपड्यातला दुसरा माणूस पाठवतो.

आता सांग, कळल्यावर काही उरलं नाही का? पहिल्या वाचनात एक गोष्ट आहे आणि दुसऱ्या वाचनात त्या पोलिसाचं मन आहे, जे एका शब्दानेही सांगितलेलं नाही. प्रोजेक्टमध्ये हेच लिही, खुणा केलेलं पान जोड. आणि मॅडमना म्हणावं तुम्ही पण पेन्सिल घेऊन एकदा वाचाच.

अजून एक गोष्ट जमली तर घाल. १९०६ च्या त्याच्या संग्रहाचं नाव आहे 'द फोर मिलियन', ही गोष्ट आणि मॅजायची गोष्ट दोन्ही त्यातच आहेत. त्या काळी वॉर्ड मॅकॲलिस्टर नावाच्या उच्चभ्रू गृहस्थांनी म्हटलं होतं की न्यूयॉर्कमध्ये दखल घेण्यासारखी माणसं चारशेच आहेत. ओ. हेन्री म्हणाला जनगणनावाल्याने मोठा अंदाज केलाय, चाळीस लाख. शहराची सगळी लोकसंख्या. दुकानातल्या पोरी, बिऱ्हाडकरू, बाकावर झोपणारे, सगळे धरले.

'लुटेरा' सिनेमा २०१३ चा, त्यातली पानाची गोष्ट ओ. हेन्रीचीच ना? मूळ गोष्टीत पण चोर आहे का?
– एक वाचक, ठाणे

हो, 'द लास्ट लीफ' वरूनच. पण चोर वगैरे काही नाही, ते सिनेमाचं. मुळात आहे न्यूयॉर्कचं ग्रीनिच व्हिलेज, नोव्हेंबर महिना, न्यूमोनियाची साथ, आणि सू आणि जॉन्सी या दोन चित्रकार मैत्रिणी. जॉन्सी आजारी पडते आणि खिडकीतून समोरच्या भिंतीवरच्या वेलीची पानं उलटी मोजत बसते, बारा, अकरा, दहा, शेवटचं गळलं की मी पण जाणार. बघा, इथे पण मोजणंच आहे. खालच्या मजल्यावर बर्मन नावाचा साठीच्या पुढचा चित्रकार, पंचवीस वर्षं कोरा कॅनव्हास लावून बसलाय की कधीतरी मास्टरपीस काढीन. तो वादळी रात्री शिडी लावून भिंतीवर एक पान रंगवतो, जॉन्सी जगते आणि तो भिजून न्यूमोनियाने जातो. मला यातलं सगळ्यात लागतं ते नंतर सापडलेलं सामान, एक कंदील अजून पेटलेला, शिडी ओढून आणलेली, इकडेतिकडे ब्रश आणि रंगाच्या पाटीवर हिरवा पिवळा कालवलेला. म्हातारा अंधारात कसा रंगवत असेल हे लेखक सांगत नाही, सामान दाखवतो फक्त.

एमपीएससीचा अभ्यास करताना 'बनाना रिपब्लिक' शब्द आला. तो याच लेखकाचा आहे असं वाचलं, खरं का?
– एक परीक्षार्थी, पुणे

खरं आहे. होंडुरासमध्ये फरार असताना जे पाहिलं त्यावर १९०४ मध्ये त्याचं पहिलं पुस्तक आलं, 'कॅबेजेस अँड किंग्ज'. त्यातला देश अँचुरिया हा कल्पनेतला पण बेतलेला होंडुरासवर, समुद्रकाठचं गाव, फळांच्या कंपनीची जहाजं, आणि त्या कंपनीच्या तालावर पडणारी सरकारं. अशा देशासाठी 'बनाना रिपब्लिक' हा शब्द त्यानेच पहिल्यांदा छापला आणि तो राज्यशास्त्रात जाऊन बसला.

इतक्या गोष्टी लिहून त्याने पैसे तरी कमावले असतील ना? शेवट कसा झाला?
– एक वाचक, गोवा

कमावले, ठेवले नाहीत. १९०२ मध्ये न्यूयॉर्कला आला आणि तिथल्या आठेक वर्षांत ३८१ गोष्टी लिहिल्या. वर्ल्ड पेपर एका गोष्टीचे १०० डॉलर द्यायचा, म्हणजे जिमच्या पाच आठवड्यांचा पगार! तरी सतत उसनवारी, संपादकांकडून आगाऊ पैसे उचलायचे आणि गोष्ट उशिरा द्यायची. वेटरला, रस्त्यावरच्या कोणालाही हात सैल सोडून द्यायचा, आणि पिणं फार होतं, ते लपवायचं कारण नाही, त्यानेच त्याला संपवला. १९०७ मध्ये लहानपणीच्या ओळखीच्या सारा कोलमनशी दुसरं लग्न केलं ते दोन वर्षांत मोडलं. ५ जून १९१० ला न्यूयॉर्कमध्ये गेला, लिव्हर खराब झालं होतं, डायबेटिस होता, हृदय वाढलं होतं. वय अवघं ४७.

अॅशव्हिल, नॉर्थ कॅरोलिना इथल्या रिव्हरसाइड दफनभूमीत त्याला पुरलंय. मार्गरेट १९२७ मध्ये गेली, आईसारखीच क्षयाने, तिची कबर त्याच्या शेजारीच आहे. दगड साधा आहे, त्यावर ओ. हेन्री नाही, विल्यम सिडनी पोर्टर लिहिलंय. वाचक तिथे येतात आणि फुलांबरोबर दगडावर सुट्टे पैसे ठेवून जातात, कितीतरी वर्षं हे चाललंय, बरेच जण मोजून १ डॉलर ८७ सेंट ठेवतात. दफनभूमीवाले ते गोळा करून आसपासच्या वाचनालयांना देतात.